पुस्तकाचं पान का सुटतं?

नवं पुस्तक आणलं, शंभराव्या पानापर्यंत आलो आणि एक पान अलगद हातात आलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचंही निघालं. हा अनुभव बहुतेक वाचकांना आलेला असतो, आणि प्रत्येकाचं निदानही ठरलेलं असतं: "गोंद हलका वापरलाय." मी बाइंडिंगच्या मशीनवर बरीच वर्षं काम करतोय. गोंद हलका असू शकतो, नाही असं नाही. पण पुष्कळदा गोंद बरोबर असतो आणि चूक त्याच्या आधी कुठंतरी झालेली असते. ती कुठं झाली हे सुटलेल्या पानावरूनच कळतं. ते कसं वाचायचं, हे आज सांगतो. त्यातून मशीन ऑपरेटर दिवसभर नेमकं काय करतो तेही आपोआप समजेल.

सुरुवात शाळेच्या वहीपासून करू. मधोमध पिना मारलेल्या वहीचं एक पान आपण टर्रकन फाडायचो आणि थोड्या दिवसांनी वहीच्या दुसऱ्या अर्ध्यातलं एक पान आपसूक सुटून यायचं. कारण ती दोन पानं मुळात एकच कागद असतो, मधे दुमडलेला. प्रत्येक पानाला पलीकडे एक जोडीदार असतो आणि दोघं मिळून पिनेला धरून राहतात. हे जोडीदाराचं सूत्र लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यावरच आहे.

आता एक कोरा कागद घ्या. मधोमध दुमडा. मग आडवी घडी घाला, मग पुन्हा एक. तीन घड्या झाल्या. न कापता, कोपरे उचलून उचलून, पुस्तकाची पानं उलटावीत तसे १ पासून १६ पर्यंत आकडे टाका आणि कागद पुन्हा पूर्ण उघडा. आकडे अगदी विस्कटलेले दिसतील, निम्मे उलटे. पण घडीच्या दोन बाजूंना शेजारी-शेजारी आलेले आकडे बघा: १ आणि १६, ४ आणि १३, ५ आणि १२, ८ आणि ९. प्रत्येक जोडीची बेरीज १७. कागदाच्या मागच्या बाजूलाही तेच. छापखान्यात पानं अशीच विस्कटून लावतात, म्हणजे घडी घातल्यावर ती ओळीनं येतात. या सोळा पानी घडीला आम्ही फर्मा म्हणतो. मराठी कथा-कादंबऱ्यांचा जो नेहमीचा डेमी आकार, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, त्यात १८ बाय २३ इंचाच्या एका कागदातून एक फर्मा होतो. २४० पानांचं पुस्तक म्हणजे १५ फर्मे. हजार प्रतींची आवृत्ती म्हणजे १५,००० कागद घडी घालायचे.

घडी मशीनमध्ये कागद रोलरमधून धावत एका फटीत शिरतो, आतल्या अडसराला धडकतो, मागून तो ढकलला जातच असतो, त्यामुळे मधे फुगतो, आणि तो फुगवटा खालचे दोन रोलर पकडून ओढून घेतात. झाली घडी. काही मशीनवर फुगवट्याऐवजी एक बोथट पातं कागदाला रोलरमध्ये ढकलतं. अडसर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की पानाचा आकडा एका पानावर वर, दुसऱ्यावर खाली दिसतो. शेवटच्या घडीत हवा अडकते आणि कोपऱ्यात चुण्या पडतात, म्हणून आधीच्या घडीवर बारीक छिद्रांची ओळ मारून हवेला वाट करून द्यावी लागते. कागद जाड असेल तर सोळा पानी घडीचा हट्ट सोडून आठ पानी करणंच शहाणपणाचं.

घडी झालेले फर्मे क्रमानं एकावर एक लावायचे, याला गॅदरिंग म्हणतात. इथं एक सुंदर युक्ती आहे. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, म्हणजे पुस्तकाच्या कण्याच्या बाजूला, एक छोटी काळी खूण छापलेली असते. पहिल्या फर्म्यावर ती वर, दुसऱ्यावर थोडी खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. सगळे फर्मे जुळवल्यावर कण्यावर जिन्यासारखी तिरकी पायऱ्यांची रांग दिसते. पायरी गाळली गेली असेल तर फर्मा राहिला, दोन पायऱ्या एकाच पातळीवर असतील तर तोच फर्मा दोनदा आला, खालची पायरी वर दिसली तर क्रम चुकला. पंचवीस पुस्तकांचा गठ्ठा कण्याच्या बाजूनं बघितला की पंचविसातलं एक चुकलेलं डोळ्यात खुपतं. ६४ व्या पानानंतर एकदम ८१ वं पान असलेलं पुस्तक वाचकाच्या हाती पडतं, तेव्हा हा जिना कुणीतरी बघितलेला नसतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

हे जुळवलेले फर्मे एकत्र बांधायचे दोन मार्ग. पहिला शिलाईचा, ज्याला आमच्याकडे सेक्शन सुईंग म्हणतात. प्रत्येक फर्मा मधोमध उघडून घडीतून दोरा जातो आणि शेजारच्या फर्म्याच्या टाक्यात अडकतो. इथं जोडीदार शाबूत राहतात. पान निघायचं तर कागद फाटायला हवा किंवा दोरा तुटायला हवा. गोंद असतो, पण आधाराला.

दुसरा मार्ग परफेक्ट बाइंडिंगचा, आजची बहुतेक पेपरबॅक पुस्तकं याच पद्धतीनं होतात. त्यात कण्याच्या बाजूच्या सगळ्या घड्या कापून टाकतात. वाचून धक्का बसेल, पण खरंच कापून टाकतात. त्या क्षणी प्रत्येक पान जोडीदारापासून तुटतं आणि एकटं पडतं. मग त्या सगळ्या एकट्या पानांच्या कडांवर गरम गोंद लावून वर कव्हर चिकटवतात. नेहमीच्या पुस्तकी कागदाची जाडी मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. म्हणजे पान आयुष्यभर धरून ठेवायला गोंदाला मिळते ती एवढीशी कड. पान सुटतं का, यापेक्षा ते टिकतं कसं हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

ते कसं टिकतं, ते मशीनवर उभं राहून बघा. ऑपरेटर फर्म्यांचा गठ्ठा हातात घेतो, कणा खाली करून टेबलावर दोन-तीनदा ठोकतो, म्हणजे सगळे फर्मे खाली एका रेषेत बसतात. गठ्ठा क्लॅम्पमध्ये ठेवतो, क्लॅम्प आवळतो आणि गठ्ठा पुढं सरकतो. खाली फिरणारं मिलिंगचं चाक कण्यावरून साधारण दोन-तीन मिलिमीटर खरवडून काढतं. लगेच दुसरं पातं त्या कडेवर जवळजवळ बारीक खाचा पाडतं. पुढं गोंदाच्या टाकीत अर्धे बुडालेले रोलर फिरत असतात, एक गोंद खाचांमध्ये दाबतो, दुसरा वरचा थर सारखा करतो. कडेचे छोटे रोलर पहिल्या आणि शेवटच्या पानाला कण्यालगत गोंदाची बारीक पट्टी लावतात, कव्हर तिथं धरून राहावं म्हणून. मग खालून कव्हर वर येतं आणि तीन बाजूंनी दाबलं जातं. गठ्ठा क्लॅम्पमध्ये गेल्यापासून पुस्तक बाहेर पडेपर्यंत काही सेकंद. छोट्या एका क्लॅम्पच्या मशीनवर अशी तासाला काहीशे पुस्तकं होतात, मोठ्या लाइनवर काही हजार.

या काही सेकंदांत चूक व्हायच्या जागा पुष्कळ. प्रत्येक चूक पुस्तकात आपली वेगळी खूण ठेवते.

पुस्तकातून सुटं एक पान न येता मधे दुमडलेली जोडी आली, किंवा दोन-तीन जोड्या एकात एक घातलेल्या तशाच आल्या, तर मिलिंग उथळ झालं. तुमच्या घडी घातलेल्या कागदाकडे पुन्हा बघा. कण्याशी चार जोड्या एकात एक बसलेल्या आहेत, सगळ्यांत आत ७-८ आणि ९-१० ही पानं. चाकानं वरवर खरवडलं तर बाहेरच्या घड्या कापल्या जातात, आतल्या तशाच राहतात, आणि गोंद त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. जाड कागदाचा फर्मा असेल तर हा धोका दुप्पट. अशा पुस्तकात जगातला सर्वोत्तम गोंद घातला तरी आतली जोडी निघणारच.

एकेकटं पान निघालं आणि त्याची कड अगदी स्वच्छ, गुळगुळीत असेल, तर गोंद कागदाला धरलाच नाही. कारणं दोन-तीन. खरवडताना जो भुसा उडतो तो ओढून घेणारा पंप नीट चालत नसेल तर भुसा कडेवर बसतो आणि गोंद भुशाला चिकटतो, पानाला नाही. किंवा खाचा पुरेशा खोल नव्हत्या. किंवा गोंद लावताना थंड होता.

आणि पुस्तक मधोमध उघडताच कट्‌ आवाज होऊन सरळ दोन तुकडे झाले, दोन्ही तुकड्यांतली पानं मात्र घट्ट, तर गोंद ठिसूळ झालेला असतो. हे समजायला चिक्की आठवावी. गुळाचा पाक बेताचा झाला तर चिक्की छान लागते, जास्त वेळ आचेवर राहिला तर काळपट, कडक होतो आणि काचेसारखा तुटतो. आमचा नेहमीचा गोंद हॉट मेल्ट, म्हणजे दाण्यांच्या रूपात मिळणारं एक प्रकारचं प्लास्टिक. साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला तो पातळ होतो आणि थंड झाला की घट्ट. हीच टाकी दिवसभर पूर्ण तापमानावर ठेवली, कालच्या उरलेल्या गोंदावर आजचा ओतत राहिलो, तर तो करपत जातो, रंग बदलतो, लवचिकपणा जातो. टाकी वेळेवर खरवडून साफ करणं हे कंटाळवाणं, हात भाजणारं काम आहे. पण पुस्तक दोन वर्षांनी दुभंगणार की नाही ते त्या साफसफाईवर ठरतं.

चिक्कीची दुसरी गोष्टही इथं लागू पडते. पाक ताटात ओतला की लाटायला जेमतेम काही क्षण मिळतात. गोंदाचंही तसंच, रोलरवरून निघाल्यापासून कव्हर दाबलं जाईपर्यंत काही सेकंदांचीच मुदत असते. म्हणून गोंदाच्या टाकीजवळ पंखा चालत नाही. मे महिन्यात, शेडवर पत्रे तापलेले असताना, टाकीशेजारी पंख्याशिवाय उभं राहावं लागतं. वाऱ्यानं थर वरून गोठला की कव्हर चिकटल्यासारखं दिसतं, चिकटलेलं नसतं.

गोंदावर सगळा भार टाकायची कल्पना नवी नाही. १८३६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हॅनकॉक यांनी रबराच्या द्रावणानं पानं चिकटवायचं पेटंट घेतलं. चित्रांची जाडजूड पुस्तकं तशी बांधली गेली, सपाट उघडायचीही छान. पण वर्षं गेली तसं रबर वाळून त्याचा भुगा झाला आणि पानं गळाली. आज पीयूआर नावाचा गोंद आहे, त्यानं यावर बरंच उत्तर शोधलंय. तो कमी तापमानाला, साधारण १२० अंशाच्या आसपास लावतात, थरही खूप पातळ लागतो. तो हवेतला ओलावा घेऊन पक्का होतो, आणि एकदा पक्का झाला की उन्हात ठेवलेल्या गाडीतही मऊ पडत नाही. फक्त पूर्ण ताकद यायला जवळजवळ एक दिवस लागतो, आणि त्याच्या वाफा छातीला वाईट, म्हणून त्या ओढून बाहेर सोडणारी सोय हवीच. ती नसेल तर त्या मशीनवर कुणाला उभं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक चूक माझ्या हातून झालेली सांगतो. दिवाळी अंकांचे दिवस होते. मराठीत ही परंपरा १९०९ पासूनची, आणि बाइंडिंगवाल्यासाठी दसऱ्याच्या आसपासचे दिवस म्हणजे रात्रपाळी आलीच. त्या अंकात मजकूर साध्या मॅपलिथो कागदावर होता आणि मधे जाहिरातींचा एक फर्मा चकचकीत आर्ट पेपरवर. मी मशीन लावलं मॅपलिथोवर. पहिली दहा पुस्तकं तपासली, पण तपासताना पान ओढून बघितलं ते मजकुराचं. पुढं सगळे अंक त्याच सेटिंगवर काढले. आठवड्याभरात अंक परत येऊ लागले, सगळे एकाच जागी उघडलेले, रंगीत पानांवर. आर्ट पेपरवर खडूसारख्या पांढऱ्या मुलाम्याचा थर असतो. गोंद त्या मुलाम्याला धरतो, आतल्या तंतूंपर्यंत जात नाही, आणि मुलामा पानापासून सुटतो. त्याला खाचा खोल लागतात, नाहीतर पीयूआरच. तेव्हापासून पुस्तकात जितके प्रकारचे कागद असतील, त्या प्रत्येकाचं पान मी ओढून बघतो. पुस्तक पूर्ण थंड होऊ द्यायचं, मधोमध उघडायचं, एकच पान चिमटीत धरून सरळ वर ओढायचं. पान निघालंच तर त्याच्या कडेला कागदाचे फाटके तंतू दिसले पाहिजेत. तंतू दिसले म्हणजे कागद हरला, गोंद नाही. गुळगुळीत कड दिसली की मशीन बंद.

आता कागदाच्या दिशेबद्दल, कारण हा भाग बाहेर कुणाला फारसा माहीत नसतो आणि पुस्तकाचा स्वभाव यावरच ठरतो. वर्तमानपत्र वरून खाली फाडा, सरळ फाटेल. आडवं फाडा, वाकडंतिकडं जाईल. ओढ्यात वाहत जाणाऱ्या काड्या प्रवाहाच्या दिशेनं वळतात, तसे कागद तयार होताना लगद्यातले तंतू एका दिशेला लागतात. ही दिशा पुस्तकात कण्याला समांतर हवी. तशी असेल तर पान सहज वळतं, पुस्तक मांडीवर शांत पडून राहतं. दिशा आडवी असेल तर प्रत्येक पान स्प्रिंगसारखं मिटायला बघतं. वाचक दोन्ही हातांनी पुस्तक दाबून धरतो, आणि तो सगळा जोर जातो गोंदावर.

त्यात पावसाळा. लाकडी दार आषाढात फुगून चौकटीत अडकतं, पण त्याची उंची वाढत नाही, रुंदी वाढते. कागदाचे तंतूही ओलाव्यानं जाडीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून दिशा आडवी असलेला कागद कण्याच्या लांबीत वाढायला बघतो, कण्यापाशी गोंदानं धरलेलं असतं, मग पानं कण्याजवळ लाटांसारखी होतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांच्या कपाटात अशी लाटा आलेली पुस्तकं हमखास सापडतील. कागद मशीनवर यायच्या आधी एक-दोन दिवस त्याच हवेत, वेष्टनात ठेवून मग उघडला तर बराच त्रास वाचतो. पण तेवढे दिवस मागितले की समोरून प्रश्न येतो, प्रकाशन परवा आहे, त्याचं काय?

दिशा चुकीची असेल तर ऑपरेटर काय करू शकतो? काहीच नाही, फोन करू शकतो. कागद छापून, कापून आलेला असतो. असंच कव्हरचं. कण्याची रुंदी आधीच्या पुस्तकाच्या कागदावरून मोजलेली असते, ऐनवेळी कागद थोडा पातळ घेतलेला असतो, आणि मग कण्यावरचं नाव सरकून मलपृष्ठावर झुकतं. मशीन लावणारा ते कितीही मधोमध आणायला बघो, जागाच नसते. ज्या कागदावर छापणार त्याच कोऱ्या कागदाची डमी बांधून तिचा कणा मोजला, तर हे टळतं. तासाभराचं काम आहे.

शेवटचं मशीन कटिंगचं. बाइंडिंग झालेलं पुस्तक समोरून, वरून आणि खालून कापलं जातं, तेव्हा फर्म्याच्या बंद कडा उघडतात. गठ्ठा दाबपट्टीखाली धरला जातो आणि सुरी तिरकी सरकत खाली येते. सुरी बोथट झाली की ती कापण्याऐवजी ढकलते, वरची आणि खालची प्रत मापात वेगळी येते, कडेवर रेघा दिसतात. अनुभवी माणसाला हे आवाजावरून कळतं. धार असलेली सुरी एकच भरीव आवाज करते, बोथट सुरी करकरते. ही सुरी दोन बटणं दोन हातांनी एकाच वेळी दाबली तरच खाली येते, कारण मग दोन्ही हात नक्की बाहेर असतात. काम भराभर व्हावं म्हणून एक बटण दाबलेलंच राहील अशी व्यवस्था करून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि बोटं गेलेली माणसंही पाहिली आहेत. अशा मशीनवर काम करायला नकार देणाऱ्या ऑपरेटरच्या मागं मालकानं उभं राहिलं पाहिजे.

प्रकाशक विचारतात, मग सगळंच शिवून घ्यावं का? नाही. दोनदा वाचून पुढं द्यायच्या कादंबरीला नीट केलेलं परफेक्ट बाइंडिंग पुरतं. पण शब्दकोश, पारायणाचे ग्रंथ, वाचनालयात शंभर हातांतून जाणारी पुस्तकं शिवलेलीच असावीत. एक कारण टिकाऊपणाचं, दुसरं दुरुस्तीचं. शिवलेलं पुस्तक पन्नास वर्षांनी सोडवून पुन्हा शिवता येतं, कारण घड्या जागेवर असतात. परफेक्ट बाइंडिंगच्या घड्या आपणच कापून टाकलेल्या. ते खिळखिळं झालं की समासातून आरपार टोचून शिवावं लागतं, आणि मग आतल्या बाजूची अक्षरं कण्यात बुडतात. पोथीला हा प्रश्नच नव्हता, तिची पानं मुळातच सुटी, वर-खाली फळ्या आणि भोवती रुमाल.

दुकानात पुस्तक विकत घेताना एवढं बघा. डोक्याच्या बाजूनं कण्याकडे निरखा. पानं छोट्या छोट्या कमानींच्या गठ्ठ्यांत दिसली आणि फर्म्याच्या मधल्या पानावर दोरा दिसला तर शिलाई आहे. सगळी पानं एका सपाट रेषेत गोंदात रोवलेली दिसली तर परफेक्ट. परफेक्ट असेल तर घरी आल्यावर ते एकदम मधोमध उघडून मागं मोडू नका. कणा टेबलावर टेकवा, पानं उभी धरा. आधी पुढचं कव्हर खाली सोडून बोटानं कण्याच्या कडेनं हलकं दाबा, मग मागचं. मग पुढून दहा-बारा पानं, मागून दहा-बारा पानं, पुन्हा पुढून, पुन्हा मागून. असं करत मधल्या पानावर सगळ्यांत शेवटी या.